समुद्राकाठची खोली ठरवण्याआधी

सोलापूरहून समुद्र लांबच. मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून गणपतीपुळे गाठायचं तर साडेतीनशेच्या वर किलोमीटर होतात. तारकर्लीला त्याहून थोडे जास्तच. वर्षातून एकदा मिळणाऱ्या सुट्टीत, पोरंबाळं आणि म्हातारी माणसं घेऊन एवढा पल्ला मारायचा आणि खोली मात्र मोबाइलवरच्या चार फोटोंवरून ठरवायची, हे मला बरोबर वाटत नाही. कारण समुद्राकाठच्या हॉटेलांबद्दल आपल्याकडे जे धरून चाललं जातं, त्यातलं बरंचसं खरं नसतं.

पहिली समजूत म्हणजे ‘बीच टच’ लिहिलंय तर पायरी उतरली की वाळू. प्रत्यक्षात मधे माडाची वाडी, सुरूचं बन, कधी गावरस्ताही असतो. ॲपवर दाखवलेलं अंतर बहुतेकदा सरळ रेषेत मोजलेलं असतं, चालण्याच्या वाटेचं नव्हे. मोबाइलच्या नकाशात उपग्रहाचं चित्र उघडून पाहिलं तर दोन मिनिटांत सगळं कळतं.

हे अंतर राहण्यामागे कायदाही आहे. इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून किनारा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितलं. पुढे १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची म्हणजे सीआरझेडची अधिसूचना निघाली, २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने आली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर नियंत्रण असतं. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र धरतात. दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी २०१९ च्या अधिसूचनेने ही मर्यादा ५० मीटरवर आणली. पाण्याजवळ जे दिसतं त्यात म्हणूनच स्थानिकांची जुनी घरं आणि त्यांतली घरगुती निवासं बरीच असतात. नवी काँक्रीटची इमारत वाळूला खेटून उभी असेल तर तिची परवानगी विचारायला संकोच करू नये. ‘आमचा खाजगी बीच’ असं कोणी सांगितलं तर तेही मान्य करू नका. भरतीरेषेखालची वाळू कोणा हॉटेलची नसते, तिच्यावर सगळ्यांनी चालायचं असतं.

आता पाण्याचं. फोटोत लाट खुर्चीच्या पायाशी आलेली असते आणि ती दिवसभर तिथंच राहील असं आपल्याला वाटतं. वेस्ट इंडिजच्या बेटांवर हे बरंचसं खरंही आहे, कारण कॅरिबियन समुद्रात भरती आणि ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आतच असतो. आपल्या कोकणात अमावास्या-पौर्णिमेला हा फरक दोन मीटरच्या वर जातो, मुंबईकडे चार मीटरच्याही वर. सपाट पुळणीवर ओहोटीला पाणी इतकं मागे सरतं की बराच वेळ ओल्या वाळूतून चालावं लागतं. भरतीची वेळ काढायला कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब अजूनही कामाला येतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. साधारण साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते. सुट्टीच्या तारखा ठरवताना पंचांग उघडलं तर पोरांना सकाळी पाणी मिळेल की नुसती वाळू, हे घरबसल्या समजतं.

सगळ्यात घातक गैरसमज पोहण्याबद्दलचा आहे आणि तो मला मनापासून खोडायचा आहे. आपल्याकडची मुलं विहिरीत पोहायला शिकतात, दमही चांगला असतो, म्हणून समुद्राची भीती वाटत नाही. पण विहिरीचं पाणी ओढून नेत नाही. समुद्रात लाटांनी किनाऱ्याकडे आलेलं पाणी वाळूच्या उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेनं जोरात परत जातं. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्या माणसाला तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. हा प्रवाह माणसाला तळाशी ओढत नाही, आत खोल पाण्याकडे नेतो. अशा वेळी किनाऱ्याच्या दिशेनं झुंजत राहिलं की दम संपतो. अंग सैल सोडून तरंगावं, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावं. गणपतीपुळ्याचा किनारा देखणा आहे, पण तिथं वाळू लवकर खोल उतरते आणि अनेकांचा जीव गेला आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथंही ओढ मोठी. गोव्यात २००८ पासून दृष्टी या संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात; लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं, नुसता लाल दिसला तर उतरायचं नाही. महाराष्ट्रात ही सोय सगळीकडे नाही. म्हणून आधी किनारा निवडावा, हॉटेल नंतर. फोन केल्यावर एसी आहे का, याच्याआधी जीवरक्षक आहे का, हे विचारा.

‘मे महिन्यात समुद्राकाठी गारवा असतो’ हेही अर्धंच खरं. सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर असताना मालवणात तो तेहतीस-चौतीस दाखवतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही. त्यात आपला किनारा पश्चिमेला. जास्त पैसे मोजून घेतलेल्या समुद्रदर्शनी खोलीवर दुपारचं ऊन थेट येतं. माडांच्या सावलीतली मागची खोली स्वस्तही असते आणि थंडही. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की नुसते दिवे, हे मात्र विचारून घ्यावं.

पावसाळी सवलत पाहून जून-जुलैत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ताटातली सुरमई तेव्हा बहुधा बर्फातली असते. खाडीतलं काय मिळतंय ते विचारावं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद राहतात. शाकाहारी कुटुंबांनी स्वयंपाक वेगळा होतो का, हे आधीच स्पष्ट करून घ्यावं.

शेवटचा गैरसमज नवा आहे. जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा विमान सुरू झालं आणि गोव्यातलं कुठलंही हॉटेल आता जवळ आलं, असं लोक धरून चालले आहेत. विमान उतरतं मोप्याला, म्हणजे पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला. पाळोळ्याची खोली घेतली तर अख्खा गोवा ओलांडून दक्षिणेला जावं लागतं. टॅक्सीचं भाडं आणि अर्धा दिवस दोन्ही जातात. मोप्याहून जवळ पडतात ते हरमल आणि मांद्रे, तसंच हद्दीपलीकडचे आपलेच रेडी, शिरोडा आणि वेंगुर्ला. मिठाच्या सत्याग्रहामुळे इतिहासात गेलेल्या शिरोड्याजवळच वेळागरची लांबलचक पुळण आहे. विमान रोज आहे का, किती वाजता उतरतं, हे पाहून मगच खोलीचे पैसे भरा.