टेक अक्षरजुळणी पॅकेजे

संगणकावर ग्रंथाची अक्षरजुळणी करणाऱ्या टेक या प्रणालीला पूरक असलेले आज्ञासमूह, फाँट व नियम यांचे संच. डॉनल्ड नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये टेकची पहिली आवृत्ती सिद्ध केली. मूळ प्रणाली आटोपशीर असून निरनिराळ्या लिपी, कोष्टके, संगीतलेखन इत्यादींची सोय पॅकेजे करतात.

देवनागरीत खरा प्रश्न जोडाक्षरांचा. खिळ्यांच्या काळी तो खणांची संख्या वाढवून सुटे; संगणकात तो फाँटच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असतो. फ्रान्स वेल्थाउस यांच्या १९९१ मधील पॅकेजात मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहून त्यावर पूर्वसंस्करण करावे लागे. झीटेकमुळे (२००४) युनिकोड मजकूर थेट जुळविता येऊ लागला. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील शोभिका हा फाँट राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा फाँटवर आधारलेला असून त्यात अकराशेहून अधिक जोडाक्षरांची सोय आहे. तो पॅकेजरूपाने विनामूल्य मिळतो.

टेक लाइव्ह या वितरणात (प्रारंभ १९९६) पॅकेजांची व्यवस्था २००८ पासून टीएलएमजीआर हा व्यवस्थापक पाहतो. 'टीएलएमजीआर इन्स्टॉल शोभिका' अशी आज्ञा दिली, की तो फाँट आंतरजालावरील भांडारातून उतरवून योग्य जागी ठेवला जातो व फाइलींची सूची अद्ययावत होते. (आज्ञा रोमन लिपीत टाइप करावयाची असते, येथे तिचा उच्चार दिला आहे.) पॅकेज ज्या इतर पॅकेजांवर अवलंबून म्हणून नोंदलेले असेल, तीही सोबत येतात. लिनक्सच्या डेबियनसारख्या वितरणातून टेक घेतलेली असल्यास मात्र त्या वितरणाचाच व्यवस्थापक वापरावा लागतो. तेथे सुटे पॅकेज न मिळता अनेकांचा मोठा गठ्ठा येतो.

काढण्याची 'रिमूव्ह' ही आज्ञा दिसते तितकी सरळ नाही. पॅकेज काढले, तरी त्यासोबत आलेली पॅकेजे तशीच राहतात. उलट, एखादा संग्रह काढल्यास त्यातील सर्व पॅकेजे जातात. प्रस्थापित संग्रहाचा घटक असलेले पॅकेज व्यवस्थापक काढू देत नाही. 'फोर्स' हा पर्याय जोडल्यास काढतो, पण मग त्या पॅकेजावर विसंबलेला ग्रंथ पुढच्या खेपेस जुळत नाही. म्हणून आधी 'ड्राय-रन' देऊन काय काय जाणार आहे ते पाहणे श्रेयस्कर. हाताने स्वतःच्या फोल्डरात ठेवलेली प्रत या व्यवस्थेच्या कक्षेबाहेर असते व शोधात तिला अग्रक्रम मिळतो. त्यामुळे पॅकेज काढूनही किंवा नवे घालूनही जुनेच रूप पानावर उमटत राहते. 

आणखी एक अडचण फाँटच्या नावाची. लिनक्सवर झीटेक फाँटचे नाव कार्यकारी प्रणालीच्या सूचीत शोधते. टेकच्या फोल्डरात नुकताच आलेला फाँट त्या सूचीत असतोच असे नाही. अशा वेळी नावाऐवजी फाँटच्या फाइलीचे नाव दिल्यास तो सापडतो.

टेक लाइव्हची नवी आवृत्ती दर वर्षी निघते व जुन्या वर्षाचा व्यवस्थापक नव्या वर्षाच्या भांडारातून पॅकेजे घेत नाही. कोश किंवा चिकित्सक आवृत्ती यांसारखे अनेक वर्षे चालणारे काम त्यामुळे एकाच वर्षाच्या आवृत्तीवर पुरे करतात. मागील वर्षांच्या आवृत्त्या ऐतिहासिक भांडारात जतन केलेल्या असून तेथून त्या पुन्हा उभारता येतात.