नंदादीपाची वात

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसला, देवीपुढे नंदादीप लागला, की नऊ दिवस घराचे सारे व्यवहार त्या एका ज्योतीभोवती फिरू लागतात. देवघराचे दार हलक्या हाताने लोटले जाते, पंखा बंद राहतो, आणि रात्री ज्याला जाग येईल तो आधी देवीकडे डोकावून येतो. तेल तिळाचे घ्यावे की अन्य, समई कोणती काढावी, याची चर्चा घरोघर होते. वातीची मात्र होत नाही. ती बाजारातून पुडीत येते आणि तशीच दिव्यात पडते. वस्तुतः दिव्याचे अखंडत्व तेलापेक्षाही वातीच्या हाती अधिक असते.

हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. एके वर्षी ललितापंचमीच्या पहाटे उठून पाहतो, तो दिवा शांत झालेला. तेल भरपूर होते, वारा नव्हता. घरात कुणी मोठ्याने बोलेना. देवीचा कोप तर नव्हे, ही शंका ज्याच्या त्याच्या मुद्रेवर होती. आजीने ती वात चिमटीत धरून उजेडात नेली आणि म्हणाली, "देवी कशाला कोपेल? ही वात बघा आधी." वातीच्या टोकाशी मण्यासारखा काळा, कठीण गोळा जमला होता. कापसात कृत्रिम धागा मिसळलेला होता. तो वितळून थिजला आणि तेलाची वाट बंद झाली. आजीने घरी वळलेल्या वातीने दिवा पुन्हा लावला, देवीपुढे मस्तक टेकवले, आणि तिच्यापुरता तो विषय संपला. आम्ही मात्र त्या दिवसापासून पुडीतली एक वात कोरडीच जाळून पाहिल्याखेरीज उरलेल्या वापरत नाही. शुद्ध कापूस जळताना कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ, करडी राख उरते; कृत्रिम धागा आक्रसतो, उग्र दर्प सोडतो आणि त्याचा गोळा बोटांनी चुरगळत नाही.

आमच्या मते देवकापसाला तोड नाही. परसातल्या झाडाची बोंडे सुकवायची, सरकी काढायची, कापूस हलक्या हाताने पिंजायचा आणि बोटांना किंचित राख वा दूध लावून वात वळायची, हे काम चातुर्मासात पोथी ऐकता ऐकता होत असे. त्या बोटांना जे ठाऊक होते ते असे, की पीळ फार घट्ट झाला तर तंतूंमधील वाटा मिटतात, तेल चढत नाही आणि ज्योत मिणमिणते. पीळ सैल राहिला तर तेल गरजेहून अधिक येते, ज्योत उंच होऊन धुरकटते. तंतूंमधील सूक्ष्म फटींतून द्रव आपोआप वर चढतो, याला शास्त्रज्ञ केशाकर्षण म्हणतात. मायकेल फॅरेडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने सुरू केली, तेव्हा मिठाच्या खांबात निळे पाणी चढवून त्यांनी हेच दाखविले होते. तेल जितके खाली जाईल तितकी चढण वाढते. म्हणूनच तेल तळाला गेल्यावर नव्हे, तर थोडे उतरताच घालावे.

पावसाळ्याची ओल धरलेली वात तडतडते; तिला एक दिवस ऊन दाखवावे. एरंडेल दाट, त्याला सैल पिळाची वात लागते. खोबरेल गार पहाटे थिजते. तूप तर थिजलेलेच, म्हणून निरंजनात आखूड फुलवात उभी असते; ज्योतीची ऊब बुडाशी पोचून तूप वितळत राहते. दिवाळीसाठी अलीकडे कित्येक घरी सोयाबीनच्या मेणाचे दिवे ओततात. तेथेही न्याय हाच, परंतु वात वेणीसारखी गुंफलेली लागते आणि तिची जाडी भांड्याच्या रुंदीप्रमाणे ठरते. बारीक वात मेणात अरुंद खळगा करून त्यातच बुडते, जाड वात काजळी धरते. एक दिवा तळापर्यंत जाळून पाहिल्यावाचून पंचवीस ओतू नयेत.

नंदादीपाची पारख सर्वपित्री अमावास्येच्या आधी दोन-तीन दिवस करावी. आमची रीत अशी. देव्हाऱ्याबाहेर पाच वातींची समई मांडतो आणि तिच्यात पाच, सात व नऊ पदरांच्या तीन वाती एकाच वेळी लावतो. तेल एकच, पातळी एकच, हवाही एकच. तेव्हा जो फरक दिसेल तो वातीचाच. तासाभराने प्रत्येक ज्योतीवर वीतभर उंचीवर स्टीलची झाकणी क्षणभर धरावी. काजळाचा दाट थर धरला तर ती वात बाद. उरलेल्यांत जिची ज्योत न थरथरता उभी आहे ती निवडावी. मग तशी एकच वात रात्रभर जाळून, सकाळी पळीने तेल घालीत मोजावे, किती पळ्या लागल्या. हा आकडा कळला, की रात्री दोनदा उठायचे की एकदा, हे आधीच ठरते. हे काम एकट्या गृहिणीवर न टाकता घरातील सर्वांनी वाटून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

दिवा परातीत ठेवावा. पडदा व फुलांच्या माळा हातभर दूर असाव्यात. काचेचे आवरण घातल्यास खालून हवा येण्यास जागा हवी, नाहीतर वात उत्तम असूनही ज्योत गुदमरते.

नवरात्राची वात हातभर लांब वळून तेलात गुंडाळून ठेवतात आणि काजळी झटकून काडीने पुढे सारतात. तरीही एखादे वेळी ती संपत येते. अशा वेळी दुसरी वात आधीच तेलात मुरलेली असावी. कोरडी वात तेल चढण्यापूर्वी स्वतःच जळते. नवी वात जुनीच्या ज्योतीवर पेटवावी, दोन्ही काही काळ शेजारी तेवू द्याव्यात, आणि नवी स्थिर झाल्यावरच जुनी काढून घ्यावी.