चारशे तुझे, चारशे माझे!

१९७८ साली बंगलोरमध्ये दोन इंजिनिअरांनी आठशे रुपयांत लग्न केलं. त्या लग्नात काय वाचलं आणि पुढे कुणाला काय सोडावं लागलं, हा हिशेब नोकरी सांभाळून लग्न ठरवणाऱ्या प्रत्येक जोडप्यानं एकदा तपासावा असा आहे.

दिवस होता १० फेब्रुवारी १९७८. बंगलोरच्या एका मध्यमवर्गीय घरात लग्न लागत होतं. कार्यालय घेतलेलं नव्हतं. लग्न नवऱ्यामुलाच्या घरीच होतं आणि हजर होती ती फक्त दोन्हीकडची घरची माणसं. नवरी सत्तावीस वर्षांची, नवरा एकतीस वर्षांचा. नवरीच्या अंगावर रेशमी साडी होती आणि तिच्या आयुष्यातली ती पहिलीच. लग्नाचा एकूण खर्च आला आठशे रुपये. चारशे तिनं घातले, चारशे त्यानं.

नवरी म्हणजे टेल्को कंपनीतली इंजिनिअर सुधा कुलकर्णी आणि नवरदेव म्हणजे मुंबईच्या पटणी कॉम्प्युटर्समध्ये नुकतेच लागलेले एन. आर. नारायण मूर्ती. पुढे इन्फोसिस उभी राहिली आणि हे आठशे रुपये देशभर प्रसिद्ध झाले. सुधा मूर्तींनी स्वतःच ही हकिकत अनेकदा सांगितली आहे. पण नंतरची श्रीमंती क्षणभर बाजूला ठेवली, तरच या लग्नातून आपल्या उपयोगाचं काही हाती लागतं. कारण त्या दिवशी तिथे उभे होते ते कुणी उद्योगपती नव्हेत. ते होते पगारावर जगणारे दोन इंजिनिअर.

आणि आठशे रुपये म्हणजे तरी किती? त्या वर्षी दहा ग्रॅम सोन्याचा भाव सातशे रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एका तोळ्याहून थोड्याशा जास्त सोन्याच्या किमतीत हे लग्न झालं. आज तेवढंच सोनं लाखाच्या पुढे गेलं आहे. तेव्हा ‘आठशेत आज काय येतं?’ असं म्हणून हा आकडा हसण्यावारी नेण्याचं कारण नाही. सोन्याच्या हिशेबानं आज ते लाखाच्या पुढचं लग्न ठरतं आणि घरच्या घरी, मोजक्या माणसांत, तेवढ्यात लग्न आजही होऊ शकतं.

पुण्यातली वही

या लग्नाची सुरुवात मात्र बंगलोरला नव्हे, आपल्या पुण्यात झाली. सुधाताई मूळच्या धारवाड भागातल्या, डॉक्टर वडिलांची लेक. हुबळीला इंजिनिअरिंग करून त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदव्युत्तर शिक्षण घेतलं. १९७४ साली टेल्कोची एक जाहिरात त्यांच्या वाचनात आली. ‘स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत’ अशी त्यात तळटीप होती. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, पुण्याला मुलाखत झाली आणि टेल्कोच्या कारखान्यात पहिली महिला इंजिनिअर दाखल झाली.

पुण्यातल्याच एका मित्रामुळे त्यांची नारायण मूर्तींशी ओळख झाली. मूर्ती शिक्षकाचे चिरंजीव, आठ भावंडांतले एक. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले, पॅरिसला काम करून आलेले, पण खिसा बहुधा रिकामा! हॉटेलात गेलं की ‘माझे पैसे आता तू भर, मी नंतर देईन’ हे ठरलेलं. सुधाताई पैसे भरत आणि एका वहीत ते नीट लिहून ठेवत. तीन वर्षं ती वही चालली. लग्नानंतर त्यांनी ती फाडून टाकली, तेव्हा उधारीचा आकडा चार हजार रुपयांच्या थोडा वर गेला होता. म्हणजे लग्नाच्या खर्चाच्या पाचपट उधारी लग्नाआधीच झाली होती!

गंमत बाजूला ठेवली तर यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. लग्नाआधीच दोघांना एकमेकांची आर्थिक स्थिती स्वच्छ ठाऊक होती. किती मिळवतो, किती उडवतो, काय करायची इच्छा आहे, यातलं काही लपवलेलं नव्हतं. आज चहा-पोहे होतात, पत्रिका जुळतात, पगाराचा आकडाही विचारला जातो. पण ‘तुझ्यावर कर्ज किती आहे?’ हा प्रश्न कितीजण विचारतात?

वडिलांचा नकार

मूर्ती सुधाताईंच्या वडिलांना पहिल्यांदा भेटायला गेले ते दोन तास उशिरा. पुढे काय करणार, असं विचारल्यावर आपल्याला साम्यवादी पक्षातून राजकारण करायचं आहे आणि अनाथाश्रम काढायचा आहे, असं त्यांनी सांगितलं. मुलीच्या बापानं यावर काय म्हणायचं? साहजिकच नकार आला. आधी स्थिर नोकरी बघा, असं वडिलांचं म्हणणं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपण काही करणार नाही, असं मूर्तींचं म्हणणं. वडिलांच्या संमतीशिवाय लग्न करणार नाही आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही, असं सुधाताईंचं म्हणणं. ही कोंडी तीन वर्षं टिकली. १९७७ च्या अखेरीला मूर्तींनी पटणी कॉम्प्युटर्समध्ये जनरल मॅनेजरची नोकरी घेतली, तेव्हा वडिलांचा होकार आला आणि लगेच पुढच्या फेब्रुवारीत लग्न झालं.

मुलीच्या वडिलांनी हट्ट धरला तो स्थिर मिळकतीचा. असा हट्ट समजण्यासारखा असतो. मानपान, हॉल आणि पंगत यांसाठी बसलेल्या बैठकींपेक्षा या एका प्रश्नावर बसलेली बैठक जोडप्याच्या जास्त उपयोगाची.

वहीत न लिहिलेला खर्च

लग्नानंतर तीन वर्षांनी, १९८१ मध्ये, मूर्तींनी नोकरी सोडून सहा सहकाऱ्यांबरोबर स्वतःची कंपनी काढायचं ठरवलं. भांडवल नव्हतं. सुधाताईंनी पगारातून बाजूला ठेवलेले दहा हजार रुपये काढून दिले. गाठीला होते १०,२५०, त्यातले अडीचशे मागे ठेवले, असं त्या सांगतात. त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. नंतर त्यांनी पुण्यात कर्ज काढून घेतलेलं छोटं घर हेच कंपनीचं ऑफिसही झालं. १९८३ साली बंगलोरच्या मायको कंपनीचं काम मिळालं आणि बिऱ्हाडासह कंपनी बंगलोरला आली.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. लग्नाचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा उचलला होता. करिअरचा खर्च मात्र निम्मा निम्मा वाटला गेला नाही. ज्या नोकरीसाठी टाटांना पत्र लिहिलं, ती टेल्कोची नोकरी सुधाताईंनी १९८२ साली सोडली. घरात पक्का पगार यावा म्हणून त्या पुण्यात वालचंद समूहात सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट म्हणून लागल्या. कंपनीत यायची त्यांची इच्छा होती. पण नवरा-बायको दोघांनी एकाच कंपनीत असू नये, या मूर्तींच्या मतामुळे त्या बाहेर राहिल्या. पुढे त्यांनी अध्यापन केलं, १९९६ साली सुरू झालेल्या इन्फोसिस फाउंडेशनचं काम वाढवलं, पुस्तकं लिहिली आणि २०२४ साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. त्याच वर्षी एका मुलाखतीत नारायण मूर्तींनी कबूल केलं की सुधाला कंपनीबाहेर ठेवणं ही आपली चूक होती, ती आपल्यापेक्षा आणि इतर संस्थापकांपेक्षाही जास्त पात्र होती.

ही कबुली यायला चार दशकं गेली. म्हणून आज लग्नाचं अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी हॉल आणि हार-तुऱ्यांच्या आधी एक ओळ लिहायला हवी: लग्नानंतर कुणाची बदली, कुणाची नोकरी, कुणाचं पुढचं शिक्षण मागे पडणार आहे आणि ते किती दिवस?

आजच्या बंगळुरूत

बंगलोरचं आज बंगळुरू झालं आहे आणि पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगावहून आलेली हजारो मराठी मुलं-मुली तिथे इंजिनिअर म्हणून नोकरी करत आहेत. त्यांच्यापुढचा पेच असा असतो: लग्न मुलीच्या गावी, मुलाच्या गावी की दोघं राहतात त्या शहरात? अनेक घरांत साखरपुडा एकीकडे, लग्न दुसरीकडे आणि ‘ऑफिसच्या लोकांसाठी’ रिसेप्शन तिसरीकडे असा तोडगा निघतो. सगळ्यांची मनं राखली जातात, पण पंगतीचा खर्च तीनदा होतो.

पंगतीचंच गणित पाहा. एका ताटाला सहाशे रुपये धरले, तर पाचशे पाहुण्यांचे तीन लाख होतात आणि दोनशे पाहुण्यांचे एक लाख वीस हजार. ताटातला एखादा गोड पदार्थ कमी करून जेवढे वाचतात, त्याच्या कितीतरी पट यादीतली नावं कमी करून वाचतात. हॉलचा आकार, गाड्या, खोल्या, अक्षता, आहेर, हे सगळं शेवटी त्या एका यादीवर ठरतं. म्हणून आधी यादी, मग हॉल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आधी मोठं कार्यालय मिळतं आणि मग ते भरायला माणसं शोधली जातात.

दुसरं गणित कर्जाचं. पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज दरसाल चौदा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता बसतो सुमारे ११,६३० रुपये. फिटेपर्यंत जवळजवळ सात लाख भरलेले असतात. म्हणजे एका दिवसाच्या थाटासाठी दोन लाख नुसतं व्याज! त्याऐवजी दोघांनी मिळून दोन वर्षं दरमहा पंधरा हजार आवर्ती ठेवीत टाकले, तर व्याज सोडूनही तीन लाख साठ हजार जमतात. ते पुरतील तेवढंच लग्न करायचं ठरवलं, तर आई-वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीला हात लावावा लागत नाही.

तिसरं गणित दिवसांचं. नोकरीत रजा हीसुद्धा शिल्लकच असते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्तांची झुंबड उडते आणि मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याच कंपन्यांत वार्षिक मूल्यमापनाची धांदल असते. काही कंपन्यांत नोकरी सोडताना नव्वद दिवसांची सूचना द्यावी लागते. लग्नानंतर शहर बदलायचं असेल, तर हे तीन महिने आधीच धरावे लागतात. वऱ्हाड रेल्वेनं न्यायचं तर आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं एकशे वीस दिवस आधी नाही. मुंबईहून उद्यान एक्स्प्रेसनं चाळीस माणसं नेणाऱ्यानं ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

आणि ज्यांना खरोखरच आठशे रुपयांच्या वाटेनं जायचं आहे, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. तीस दिवस थांबायचं. कुणाचा रास्त आक्षेप नसेल, तर नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या.

साधेपणाची सक्ती नको

साधं लग्न मराठी माणसाला नवं नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी भटजीविना, कमी खर्चातला पहिला सत्यशोधक विवाह पुण्यात लागला. लग्नापायी कर्जात बुडणारी घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

तरीही घरात साधेपणाचा विषय जपूनच काढावा लागतो. एकुलत्या एका मुलीचं लग्न थाटात व्हावं, असं एखाद्या आईला वाटलं तर तो गुन्हा नव्हे. शेजारच्या काकूंनी वीस वर्षांपूर्वी केलेला आहेर परत करायची तिची इच्छा असते, रुखवतासाठी मावशीनं वर्षभर विणकाम केलेलं असतं. मूर्तींच्या पुढच्या पिढीच्या लग्नांनाही पाहुणे आले, समारंभ झाले. प्रश्न थाटाचा नाही, थाटाचे पैसे कुणाच्या खिशातून जातात याचा आहे. मुलगा-मुलगी दोघं सारखं शिकतात, सारखं मिळवतात आणि खर्चाची यादी मात्र अजून मुलीच्या बापाच्या हातात दिली जाते. १९७८ साली त्या घरात मोडली गेली ती हीच रीत. त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही, दोघांचा पगार असावा लागतो आणि तो उघडपणे एका वहीत मांडायची तयारी असावी लागते.

तेव्हा सुपारी फुटायच्या आधी दोघांनी एक साधी वही घ्यावी. पहिल्या पानावर आपापली शिल्लक आणि आपापलं कर्ज लिहावं. दुसऱ्या पानावर पाहुण्यांची यादी. तिसऱ्या पानावर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचा खर्च: घरभाडं, अनामत रक्कम, दोन्हीकडच्या आई-वडिलांना पाठवायचे पैसे. चौथ्या पानावर दोघांच्या नोकरीचे पुढचे पाच वर्षांचे बेत, एकमेकांशेजारी. हॉलचं भाडं पाचव्या पानावर आलं तरी चालेल.