नशीब चोवीस तासांनी ओळखावे

पेरणी उरकलेली असते. बांधावरचे गवत काढताना बाईच्या घोट्याजवळ काहीतरी चावते. गवतात सळसळत जाणारा साप ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. आरडाओरड होते. कुणीतरी पंच्याची पट्टी फाडून पोटरीवर करकचून बांधतो, मोटारसायकल निघते. पण तालुक्याच्या रुग्णालयाकडे न जाता ती शेजारच्या गावातल्या जाणत्याच्या दारात थांबते. तो मुळी उगाळून पाजतो आणि कडुनिंबाचा पाला चघळायला देतो.

"कडू लागतंय का गं?"

"लागतंय."

"मग उतरलं. जा घरी."

संध्याकाळी बाई चुलीपुढे भाकऱ्या थापत असते. दुसऱ्या दिवशी देवळात नारळ फुटतो. नशीब थोर म्हणून वाचली, असे सगळे म्हणतात आणि मुळीचे नाव पंचक्रोशीत आणखी मोठे होते.

ग्रामीण महाराष्ट्रात दर पावसाळ्यात असे प्रसंग घडतात. त्यात नशिबाचा भाग असतो, हे खरेच आहे. प्रश्न एवढाच, की त्या नशिबाचे श्रेय कुणाला द्यायचे?

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य बिनविषारी. धामण, दिवड, कवड्या हे साप चावले तर जखम होते, घाबरगुंडी उडते, पण विषबाधा होत नाही. माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. गंमत अशी, की हे चारही साप चावले तरी दर वेळी विष सोडतातच असे नाही. विष ही सापाची भक्ष्य मारण्याची शिदोरी आहे. माणूस हे त्याचे भक्ष्य नव्हे. त्याला तो घाबरून, स्वतःला वाचवण्यासाठी चावतो. कधी दात निसटता लागतो, कधी चप्पल किंवा जाड कापड आडवे येते, तर कधी साप दात रोवूनही विष सोडत नाही. याला वैद्यकात 'कोरडा दंश' म्हणतात.

म्हणजे साप चावलेल्या माणसांपैकी पुष्कळ जण काहीही न करता वाचणारच असतात. त्यांना मुळी द्या, साखर द्या किंवा नुसते बसवून ठेवा, निकाल तोच. जाणत्याच्या यशाचे रहस्य हे आहे. तो खोटे बोलतो असे नाही. बरी होऊन घरी गेलेली माणसे त्याने खरोखर पाहिलेली असतात. जी दगावली, त्यांच्याबद्दल मात्र 'वेळ भरली होती' एवढेच बोलले जाते. वाचले तर मुळीमुळे, गेले तर नशिबामुळे, असा हा हिशेब असतो.

त्याची किंमत पुढच्या माणसाला मोजावी लागते. त्याच गावात, त्याच पावसाळ्यात, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या मुलाला मध्यरात्री मण्यार चावते. मण्यारीचे दात बारीक. चावल्याची खूण अनेकदा दिसतही नाही, वेदना नाही, सूज नाही. मुंगी चावली असेल म्हणून मुलगा कूस बदलतो. पहाटे त्याचे पोट दुखू लागते. मग पापण्या जड होतात, डोळे उघडेनात, थुंकी गिळता येईना. घरचे त्यालाही जाणत्याकडेच नेतात, कारण मागच्या महिन्यात शेजारची बाई तिथेच बरी झालेली असते. पाला त्यालाही कडूच लागतो. मण्यारीचे विष नसांकडून स्नायूंकडे जाणारे संदेश बंद पाडते. जिभेच्या चवीवरून ते शरीरात आहे की नाही हे कळत नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत श्वासाचे स्नायू थकलेले असतात. वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर असा रुग्ण काही दिवसांनी पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो. न मिळाला तर वाटेतच संपतो.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर हल्ला करते. रक्त गोठण्याची शक्ती जाते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येते. घोणसीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होतात. सुरुवातीचे काही तास रुग्ण चांगला बोलता-चालता असू शकतो. म्हणूनच 'काही झाले नाही' हा निष्कर्ष तासाभरात काढता येत नाही.

रुग्णालयात तो कसा काढतात? पद्धत अगदी साधी आहे. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करून पाहतात. रक्त गोठले नसेल तर विष रक्तात भिनले आहे. ही तपासणी ठरावीक वेळाने पुन्हा करतात. सोबत पापण्या, श्वास, सूज आणि लघवी यांवर लक्ष असते. चोवीस तास सगळे ठीक राहिले तरच दंश कोरडा होता, किंवा साप बिनविषारी होता, असे म्हणता येते.

या काळात नातेवाइकांची एक तक्रार असते : साप चावलाय, मग इंजेक्शन का देत नाही? सर्पविषावरील प्रतिविष हे जीव वाचवणारे औषध आहे आणि सरकारी रुग्णालयांत ते मोफत मिळते. परंतु त्याची तीव्र ॲलर्जीही येऊ शकते. विषबाधेची लक्षणे नसताना ते दिल्यास फायदा काहीच नाही, धोका मात्र आहे. डॉक्टर थांबून लक्ष ठेवतात, तो हलगर्जीपणा नसतो. तो उपचाराचाच भाग असतो.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. पण आराखडा रुग्णालयाच्या दारापर्यंतच पोहोचतो. दारापर्यंत माणूस आणायचा तो घरच्यांनी आणि गावाने.

त्यासाठी थोड्याच गोष्टी लागतात. चावलेल्या माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये. जोडवी, पैंजण, अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. करकचून बांधू नये, चिरा देऊ नयेत, तोंडाने विष ओढू नये. आधीच घट्ट बांधले असेल तर ते वाटेत न सोडता डॉक्टरांसमोरच सोडावे. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. चावल्याची वेळ तेवढी लक्षात ठेवावी. १०८ क्रमांकावर फोन करावा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने थेट रुग्णालय गाठावे.

बांधावरच्या त्या बाईचे नशीब थोर होतेच. तिने तो एक दिवस रुग्णालयाच्या खाटेवर काढला असता, तरी ती दुसऱ्या दिवशी घरी येऊन भाकऱ्याच थापणार होती. फरक पडला असता तो शेजारच्या मुलाला. मध्यरात्री त्याच्या घरच्यांनी मोटारसायकल कुठल्या दिशेने वळवायची, हे तिने गावाला आधीच दाखवून दिले असते.