रोकड जुळेपर्यंत

निवृत्तीनंतर माणसाला कसला ना कसला नाद लागतोच. मला लागला 'गो' या जपानी खेळाचा. बँकेत असताना आमच्या शाखेत एका जपानी गृहस्थांचं खातं होतं. मायदेशी परतताना ते आपला लाकडी पट मला देऊन गेले. बरीच वर्षं तो माळ्यावर पडून होता. १९ उभ्या रेघा, १९ आडव्या, त्यांचे ३६१ छेदबिंदू आणि काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. एकदा ठेवलेली सोंगटी सरकवायची नाही. चहूबाजूंनी वेढून दुसऱ्याच्या सोंगट्या उचलायच्या आणि जास्तीत जास्त जागा आपल्या कुंपणात घ्यायची. नियम नातवाला दहा मिनिटांत समजले, आणि आता तो मला हरवतो!

या खेळात 'होनिन्बो' या किताबाला फार मान आहे. मुळात ते एका घराण्याचं नाव. आपल्याकडे गाण्याची घराणी, तशी तिकडे शोगुनांच्या आश्रयाने गोची चार घराणी नांदली. होनिन्बो हे त्यांतलं सर्वांत मातब्बर. त्याचे एकविसावे आणि अखेरचे प्रमुख शुसाई यांनी ते नाव 'निहोन किइन' या खेळाडूंच्या संस्थेच्या स्वाधीन केलं आणि १९३९ पासून त्याची स्पर्धा सुरू झाली. शिष्याला वारशाने मिळणारी गादी आता पटावर जिंकायची झाली. राजाश्रयाच्या जागी आला वृत्तपत्राचा आश्रय. तो आटला की काय होतं, हे २०२४ साली दिसलं. विजेत्याचं बक्षीस २ कोटी ८० लाख येनवरून एकदम ८५ लाखांवर आलं आणि सात डावांची अंतिम लढत पाचांवर. बँकवाल्याची नजर आधी आकड्यांवर जाते, त्याला इलाज नाही.

पण मला सांगायचं आहे ते १९४५ सालच्या लढतीबद्दल. किताब हाशिमोतो उतारो यांच्याकडे होता आणि आव्हान दिलं होतं इवामोतो काओरू यांनी. तोक्योतली निहोन किइनची इमारत हवाई हल्ल्यात जळून गेलेली. वर्तमानपत्रांना कागद मिळेना, तिथे गोच्या सदराला कोण विचारतो? तरीही स्पर्धेत खंड पडू नये म्हणून हाशिमोतोंचे गुरू सेगोए केनसाकू यांनी आपल्या हिरोशिमा भागात लढतीची व्यवस्था केली. पंचही तेच. पहिला डाव जुलैअखेर हिरोशिमा शहरातच झाला. शहरात खेळणं धोक्याचं आहे, असं तिथल्या पोलीसप्रमुखांनी बजावलं होतं. ते कामासाठी बाहेरगावी गेल्याचं पाहून मंडळींनी डाव उरकला! हा डाव इवामोतोंनी जिंकला. पोलीसप्रमुख परतल्यावर अर्थातच भडकले, म्हणून दुसरा डाव शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर, इत्सुकाइची या गावी ठेवला गेला. त्या माणसाच्या रागाने किती जीव वाचवले, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

दुसरा डाव ४ ऑगस्टला सुरू झाला. तिसऱ्या दिवशी, ६ तारखेला सकाळी, आदल्या दिवसापर्यंतच्या खेळी पुन्हा पटावर मांडून झाल्या. सव्वाआठ वाजता डोळे दिपवणारा प्रकाश झाला, मग आवाज आणि मागून झंझावात. खिडक्यांच्या काचा फुटल्या, सोंगट्या उधळल्या, इवामोतो पटावरच पालथे पडले. हाशिमोतो सापडले बाहेर, बागेत.

मग त्यांनी खोली झाडली, एकेक सोंगटी जागच्या जागी मांडली आणि डाव पुढे चालू केला. त्याच दिवशी तो संपलाही. हाशिमोतो पाच गुणांनी जिंकले. नेमकं काय झालं होतं, ते कळलं संध्याकाळी, जेव्हा शहराकडून भाजलेली माणसं येऊ लागली. पहिला डाव ज्या घरात झाला, ते घर राहिलं नव्हतं. पंच सेगोए यांचा मुलगा शहरात होता. तो गेला.

हे प्रथम वाचलं, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मला आठवला १२ मार्च १९९३ चा शुक्रवार. मी फोर्टमधल्या एका शाखेत अधिकारी होतो. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजारात स्फोट झाला. आमच्या काचा थरथरल्या. थोड्या वेळाने आणखी एक आवाज, लांबून. शटर ओढलं. आमच्या हेड कॅशिअरची पत्नी दलाल स्ट्रीटलगतच्या एका कचेरीत नोकरीला होती. फोन लागेना. ते उठून माझ्या टेबलाशी आले. तिजोरीच्या दोन किल्ल्या, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. रोकड जुळवून आत ठेवल्याशिवाय दोघांपैकी कुणाला हलता येत नव्हतं. मी म्हटलं, "एवढी रोकड जुळू दे, मग जा."

चाळीस रुपयांचा फरक येत होता. तो सापडायला पाच वाजले. ते निमूटपणे नोटा मोजत राहिले. पत्नी सुखरूप होती, पण हे त्यांना कळलं साडेपाचला. त्या दिवशी आम्ही पै न पै जुळवून शाखा बंद केली, हे मी पुढे कितीतरी वर्षं अभिमानाने सांगत असे. निरोप समारंभाच्या भाषणातसुद्धा सांगितलं. ते पहिल्या रांगेत बसले होते.

इवामोतोंबद्दल थोडं सांगायला हवं. लढत पुढे नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि ३-३ अशी बरोबरीत सुटली. १९४६ च्या निर्णायक डावांत इवामोतोंनी किताब जिंकला. तरुणपणी हा माणूस खेळ सोडून कॉफी पिकवायला ब्राझीलला गेला होता. तिथून परत आला. उतारवयात स्वतःची मिळकत विकून आलेल्या पैशातून त्याने न्यूयॉर्क, सिएटल, अ‍ॅमस्टरडॅम, साओ पावलो इथे गोची केंद्रं उभी केली. १९९९ साली, ९७ व्या वर्षी तो वारला.

गेल्या महिन्यात मी आमच्या हेड कॅशिअरना फोन केला. आता ते पुण्याला मुलाकडे असतात. त्यांना या डावाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "साहेब, त्या पंचाला डाव थांबवता आला नसता का?"

"आला असता," मी म्हटलं. "पण मुलाचं काय झालं, ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं."

"हं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने माझ्या गुडघ्याची चौकशी केली.