करार झाला का, ते आधी विचारा!

हिंजवडीच्या आयटी पार्कात आपली अनेक पोरे साफसफाई, पहारा अशा कंत्राटी कामावर लागतात. दहावी, आयटीआय झालेल्यांना आम्ही दुसरी वाट सुचवतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० वा अधिक माणसांच्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ठरावीक व्यवसायांत अनुसूचित जातींना राखीव जागा आहेत. १९९० च्या दुरुस्तीमुळे आपण बौद्धही त्यात येतो. दरमहा विद्यावेतन मिळते, २०१६ पासून त्यातला काही भार केंद्र सरकार उचलते. शेवटी परीक्षा, प्रमाणपत्र. नोकरीची हमी मात्र नाही. म्हणून पालकांनो, करार सरकारदरबारी नोंदवला का, ते पाहा. नोंद नसेल तर ते शिक्षण नव्हे, स्वस्तातली मजुरी!