थंडीत गाडी रुसली? चला, चावी फिरवा आणि गुन्हेगार पकडा!

माहीत आहे का? पारा शून्यावर आला की गाडीच्या बॅटरीची साधारण एक तृतीयांश ताकद गायब होते. उणे १८ अंशांना तर निम्म्याहून जास्त! आणि नेमकं तेव्हाच ऑईल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर हवा असतो. म्हणजे पगार अर्धा आणि खर्च दुप्पट.

आपल्याकडे निफाडला पारा एक आकडी झाला तरी बातमी होते, त्यामुळे उणे १८ चं टेन्शन नको. पण डिसेंबरच्या पहाटे आपल्याही गाड्या नखरे करतातच. मग चोर कोण? बॅटरी, पेट्रोल, सेन्सर की ऑईल? मेकॅनिक यायच्या आधी थोडी डिटेक्टिव्हगिरी करू या!

कान टवकारा

‘घुर्रर्र... घुर्रर्र...’ असा रडका, संथ आवाज? संशयित नंबर एक : बॅटरी. ‘टकटकटकटक’ असा टाइपरायटर? तीच बॅटरी, आणखी उतरलेली. एकच जाड ‘टक्’ आणि पुढे शुकशुकाट? टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट पावडर बघा, नाहीतर स्टार्टर. इंजिन मस्त झोकात फिरतंय, पण पेट घेत नाही? मग बॅटरीला क्लीन चिट! चौकशी पेट्रोल आणि स्पार्ककडे वळवा.

बाराचे बारा वाजले!

माहीत आहे का? ‘१२ व्होल्टची’ बॅटरी फुल चार्ज असताना १२.६ व्होल्ट दाखवते. रात्रभर उभ्या गाडीला मल्टिमीटर लावा. १२.२ आला तर चार्ज निम्मा. आणि बरोब्बर १२ आला तर? जेमतेम पाव! थोडक्यात, १२ व्होल्टला बॅटरीचे बारा वाजलेले असतात.

उपाशी बॅटरी आधी गोठते

फुल चार्ज बॅटरी उणे ५० अंशांनाही गोठत नाही. पण तीच पूर्ण उतरलेली असेल तर पारा शून्याच्या थोडा खाली गेला तरी तिच्यात बर्फ होऊ शकतो. कारण सिंपल : बॅटरी उतरते तसं आतलं ॲसिड पातळ होत पाण्याकडे झुकतं. गोठलेल्या बॅटरीला जंपस्टार्ट? नो नो! फुटू शकते.

डब्यावरचा डब्ल्यू

२०डब्ल्यू-५०, ५डब्ल्यू-३०... ऑईलच्या डब्यावरचा हा डब्ल्यू म्हणजे चक्क विंटर! आकडा जितका लहान, तितकं ऑईल थंडीत सळसळतं. २०डब्ल्यूची क्रँकिंग टेस्ट उणे १५ अंशांना होते, ०डब्ल्यूची थेट उणे ३५ ला. म्हणून कंपनीने ०डब्ल्यू सांगितलेल्या गाडीत ‘जाड ऑईल चांगलं असतं हो’ म्हणत २०डब्ल्यू ओतलं, तर थंड सकाळी स्टार्टरची कुस्ती ठरलेली.

चोकचं काम चोख

प्रीमियर पद्मिनी आठवतेय? आणि कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८००? डॅशबोर्डजवळचा चोक ओढल्याशिवाय हिवाळ्यात दिवस सुरू व्हायचा नाही. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि पेट घेते ती वाफच! चोक ओढला की हवा अडते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पण गाडी गरम झाल्यावर चोक बंद करायला विसरलात, की प्लग काळे आणि मायलेज गुल.

मटारएवढा सेन्सर, डोंगराएवढी थाप

आता चोक ओढायचं काम कॉम्प्युटर करतो. पण त्याला थंडी कळते कशी? कूलंटमध्ये बुडालेल्या चिमुकल्या टेंपरेचर सेन्सरमुळे. सेन्सर बिघडून ‘साहेब, इंजिन ८० अंशांवर आहे’ असं खोटं बोलला, तर गार इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. उलटी थाप मारली, तर गरम इंजिनालाही जादा पेट्रोल, मागून काळा धूर आणि पंपावर भलंमोठं बिल.

गरमच होईना?

वीस मिनिटं चालवूनही टेंपरेचर काटा तळातच? थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. किंवा ‘आपल्या हवेत लागत नाही’ म्हणत एखाद्या गॅरेजने तो काढूनच टाकलाय! मग कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन अजून गारच आहे. परिणाम? मायलेजला थंडा रिस्पॉन्स.

थंडी नसतानाही बर्फ

माहीत आहे का? बाहेर १५ अंश असताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ जमू शकतो! आत पेट्रोलची वाफ होताना ती भोवतालची उष्णता शोषते. दमट हवेतलं पाणी तिथेच गोठतं आणि इंजिन गुदमरतं. कार्ब्युरेटरवाल्या छोट्या विमानांत आजही यासाठी ‘कार्ब हीट’ची वेगळी खुंटी असते. आकाशात धक्का मारायला कोण येणार?

डिझेलचं मेण

डिझेलमध्ये मेण असतं. कडाक्याच्या थंडीत त्याचे कण फिल्टर तुंबवतात आणि चालती गाडी घाटात खोकू लागते. लडाखच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यासाठी इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास विंटर डिझेल आणलं. उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं!

आणि डॅशबोर्डवरचा तो पिवळा स्प्रिंग? तो ग्लो प्लगचा दिवा. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. गार लोखंड ती उष्णता पळवतं, म्हणून ग्लो प्लग लालबुंद होऊन मदतीला येतो. दिवा विझेपर्यंत दम धरा, मग चावी फिरवा.

ब्राझीलची पिटुकली टाकी

ब्राझीलमध्ये शुद्ध इथेनॉलवर गाड्या धावतात. १९७९ ची फियाट १४७ ही त्यातली पहिली. लफडं एकच : गारठ्यात इथेनॉल पेटता पेटत नाही. मग बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी बसवायची, फक्त सकाळच्या पहिल्या फुर्रसाठी! २००९ मध्ये फोक्सवॅगन पोलोने इंधन आधीच गरम करायची युक्ती आणली आणि टाकी रिटायर झाली. आपल्या ई-२० मध्ये ८० टक्के पेट्रोलच असतं, त्यामुळे तसल्या टाकीची चिंता नको.

प्लग आहे, पण ईव्ही नाही

अलास्कातल्या फेअरबँक्सला पेट्रोल गाड्यांच्या नाकातून वायर लोंबताना दिसते आणि पार्किंगमध्ये सॉकेट! ते इंजिन गरम ठेवणारे ब्लॉक हीटर. अशा एका हीटरचं पेटंट नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये मिळालं. सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये तर गाड्यांना गोधड्या पांघरतात, काचा दुहेरी बसवतात आणि बाजारात गेलं तरी इंजिन चालूच ठेवतात.

हात मोडणारा स्टार्टर

एकेकाळी गाडी सुरू व्हायची हँडल मारून. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट गेलं! चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि अनेक हात वाचले. केटरिंगना एक कडक हँडशेक!

धूर बघा, वास घ्या

माहीत आहे का? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं! पहाटे सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ तीच. ती चार-पाच मिनिटांत गायब झाली, तर खुशाल निघा. जातच नाही आणि गोडसर वास येतोय? कूलंट आत गळतंय. निळा धूर? ऑईल जळतंय.

झटपट टिपा

चावी फिरवताना एसी, दिवे, म्युझिक बंद. क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑईल घुसळायचं स्टार्टरचं काम वाचतं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त रगडू नका. सुरू झाल्यावर अर्धा तास उभ्याने गरम करायची जुनी सवय सोडा. अर्धा-एक मिनिट थांबा आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवा.

खरा गुन्हेगार सापडला!

आता शेवटचा बॉम्ब. बॅटरीला सर्वांत जास्त कोण छळतं? थंडी नव्हे, उन्हाळा! तापलेल्या बॉनेटखाली आतल्या प्लेट्स भराभर गंजतात, पाणी उडतं. पण उष्णतेत रासायनिक क्रिया जोरात चालतात, म्हणून अधमेली बॅटरीही गाडी सुरू करत राहते. डिसेंबर येतो आणि पितळ उघडं पडतं. थोडक्यात, खून मे महिन्यात होतो, आळ हिवाळ्यावर येतो! म्हणून नागपूर-जळगावकरांनो, बॅटरीचं चेकअप दिवाळीच्या साफसफाईतच उरका. व्होल्टमीटर लावायला दोन मिनिटं पुरतात, धक्का मारायला मात्र अख्खी सोसायटी लागते.